आईच्या हाताची जागा

आम्ही सेक्टर सहामध्ये, बाबांना कारखान्याकडून मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहत होतो, तेव्हाची गोष्ट. आई शेजारणींचे ब्लाउज शिवायची. एकदा मशीनवर बसली असताना तिचा उजवा अंगठा आपोआप उडायला लागला, मग अख्खा हात. तपासणीत मेंदूत गाठ निघाली.

रायपूरच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी तिचा वेगळा एमआरआय केला. हात हलवणारी आणि स्पर्श कळणारी जागा गाठीपासून किती लांब आहे, ते त्यात पाहायचं होतं. आत झोपवून तिला एकेक बोट अंगठ्याला टेकवायला सांगितलं, मग तळव्यावरून ब्रश फिरवला.

"गुदगुल्या होऊन राहिल्या होत्या, अन् म्हने हालू नका," बाहेर आल्यावर ती हसून मला म्हणाली.

ती कपडे बदलायला गेली आणि डॉक्टरांनी बाबांना, मामाला आणि मला बोलावलं. पडद्यावर करड्या मेंदूत एक लालपिवळा डाग दिसत होता. तो आईचा हात. गाठ त्याला अगदी खेटून. पूर्ण काढली तर हात जाऊ शकतो, ते हिंदीत सांगत होते. थोडी ठेवली तर हात बहुतेक वाचेल, पण ती पुन्हा वाढू शकते.

"पूरी निकाल दीजिए, साहब," बाबा म्हणाले. मामानं मान डोलावली.

"आईला विचारू ना," मी म्हटलं.

"तिले काय समजते त्यातलं? उगाच घाबरंल," बाबा म्हणाले.

डॉक्टरही तिच्यासाठी थांबले नाहीत. बाबांची सही चालली.

ऑपरेशननंतर हात उशीवर नुसता पडून राहिला. चिमटा काढला तरी तिला कळेना. राउंडवर आलेल्या डॉक्टरांकडूनच तिला समजलं की दुसराही रस्ता होता.

"हात माहा होता," ती बाबांना म्हणाली. "मले कावून नाही इचारलं?"

"जीव वाचला ना तुहा?"

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडून आम्ही रिसालीला स्वतःच्या घरी आलो. सामान हलवताना त्यांनी मशीन मामीला देऊन टाकली, तेही न विचारता. गाठ परत आलेली नाही. त्यामुळे बाबांचंच बरोबर होतं, असं सगळे धरून चालतात. पाहुणे आले की ते सांगतात, मी हिंमत केली म्हणून ही आज आहे. आई तेव्हा उठून आत जाते.

जेवताना बाबा तिच्या ताटातली पोळी तोडून देतात. ती ते तुकडे बाजूला सारते आणि डाव्या हातानं नुसता भात खाते.