भिंतीवरचं पान

रुबिना आणि मी गावातल्या मराठी शाळेत एका बाकावर होतो. आता आमच्या घरांमध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे, बुटकी दगडी भिंत. त्यातले दोन चिरे कधीचे पडलेत. ते आम्ही मुद्दामच बसवून घेतले नाहीत, तिथूनच आमचं जाणंयेणं.

तिचा नवरा यासीन कतारला असतो. इथे ती आणि तिची सासू हफीजाबी. रुबिना पूर्वी रत्नागिरीत एका संगणकवर्गात शिकवायची. वर्ग बंद झाला, पण शिकवायची सवय काही गेली नाही. शाळांना फुकट मिळणारी एक संगणकप्रणाली आहे, जगभरचे लोक मिळून ती बनवतात. तिची वेबसाइटही मिळूनच लिहितात. कुणीही दुरुस्ती सुचवायची, दुसऱ्याने तपासायची, मग ती साइटवर चढते. कुणी काय बदललं ते नावासकट कायम दिसत राहतं. त्यातली मराठी पानं पाच वर्षं रुबिना लिहितेय.

"माझी सून फुकटचं काम करते," हफीजाबी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आणि जेवायला पगारवाल्यांपेक्षा उशीर करते."

तिची एक पद्धत आहे. पान लिहिलं की कागदावर काढून गडग्यापाशी येते. "वाच गो. आणि मधे विचारायचं नाही." मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, तेच तिला हवं असतं. मी जिथे अडखळते तिथे ती पेन्सिलीने खूण करते आणि घरी जाऊन ते वाक्य पुन्हा लिहिते.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी ती आली ती हातात कागद न घेताच. साइटची साफसफाई चालली होती. जी पानं कुणी उघडत नाही ती काढायची, हरकत असेल तर बुधवारपर्यंत सांगा, असं ठरलेलं. यादीत तिचं एक पान होतं: इंटरनेट नसताना पेनड्राइव्हवरून ही प्रणाली संगणकात कशी घालायची. तिने लिहिलेलं पहिलंच पान.

"महिन्याला आठ जण बघतात म्हणे," ती म्हणाली.

"मग जाऊ दे की. आठ माणसांसाठी कशाला जीव काढतेस?"

"अगो, ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठीच ते पान आहे. ते साइटवर येतील कुठून? एक मास्तर कुठूनतरी छापून घेतो, बाकीचे त्याची झेरॉक्स काढतात. त्या झेरॉक्स मोजतं कोण?"

मराठी पानांवर देखरेख करणारा रितेश बंगळुरूला असतो. तिने त्याला फोन लावला. तो म्हणाला, "रुबिनाताई, मला पटतंय. पण साइटच्या समितीला दाखवू काय? पुरावा द्या."

मग ती पुराव्याच्या मागे लागली. सावर्ड्याच्या एका शाळेत मथुराताई शिपाई आहेत, त्यांना फोन केला. ओळखीच्या चार मास्तरांना निरोप धाडले. सोमवारी संकष्टी होती आणि मी हेदवीला दशभुजा गणपतीला जाणार होते. "दर्शन झालं की जवळच्या शाळेत डोकावून ये," असं काम माझ्याही गळ्यात पडलं.

गणपतीपुढे मी हात जोडले. पान वाचू दे म्हणाले, खोटं कशाला सांगू. मग शाळेत गेले. संगणकाच्या खोलीत खिडकीशेजारी ते पान होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेलं. मी फोटो काढला आणि परतीच्या फेरीबोटीत बसून कौतुकाने बघायला लागले, तर पाचव्या ओळीवर शाईची फुली.

संध्याकाळपर्यंत रुबिनाकडे सहा फोटो जमले. सहाही पानांवर पाचवी ओळ खोडलेली. तिने लिहिलं होतं, संगणक सुरू होताना F12 दाबा. हेदवीत निळ्या पेनाने 'F9' केलेलं. सावर्ड्यात लाल शाईने 'Esc दाबा, आणि घाई करा'.

रुबिना पायरीवर बसली. "यासीनने आणलेल्या लॅपटॉपवर करून बघितलं होतं मी. त्यात F12 होतं. मला वाटलं सगळीकडे तेच. कंपनीप्रमाणे बटण बदलतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही." मग म्हणाली, "आणि साइटवर अजून तेच आहे."

"मग तेवढी ओळ कापून फोटो पाठव," मी म्हटलं. "पान भिंतीवर आहे एवढंच दाखवायचंय ना?"

"गणपतीचं दर्शन घेऊन आलीस ना आत्ता?"



मगरीबची अजान झाली. ती नमाज पढून आली आणि माझ्यासमोरच पाचवी ओळ नव्याने लिहायला बसली. कुठल्या संगणकाला कुठलं बटण, असा छोटा तक्ता केला. मला वाचायला लावला, मी दोनदा अडखळले, तिने दोनदा बदलला. मग सहाही फोटो न कापता साइटवरच्या चर्चेत सगळ्यांसमोर टाकले. खाली लिहिलं, 'चूक माझी आहे. चार वर्षं तशीच राहिली. ज्यांनी ती खोडली ते लोक तुमच्या मोजणीत नाहीत.'

मंगळवारी रितेशचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"ताई, समितीत एक जण म्हणतोय, पान चुकीचं होतं, म्हणजे काढायलाच हवं."

"चुकीचं पान कुणी चार वर्षं प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवतं काय रे? फेकून दिलं असतं. त्यांनी दुरुस्त करून ठेवलं. त्यांना ते हवंय."

तो हसला. "हेच लिहून टाका."

तिने लिहिलं. बुधवारी पान काढायच्या यादीतून निघालं. शिवाय पानाच्या तळाशी एक नवी ओळही आली: हे पान कोणत्या तारखेचं आहे आणि छापील पानात चूक दिसली तर कुठल्या नंबरला फोटो पाठवायचा. नंबर रुबिनाचा. साइटवर मदत करणाऱ्यांच्या नावांची यादी असते, तिच्यात तिने त्या सहा जणांना विचारून त्यांची नावं घातली.

मथुराताई फोनवर लाजल्या. "माझं नाव कशाला बाय? मी फक्त पेनाने खोडलं."

"आम्ही सगळे तेवढंच करतो," रुबिना म्हणाली.

पुढच्या संकष्टीला मी हेदवीला गेले तेव्हा पिशवीत नारळ होता आणि नवं छापलेलं पान. मास्तरांनी जुनं काढलं नाही, त्याच्या शेजारी लावलं.