तोच हात
मिरच्या जळल्याचा वास आला की नायगावच्या चाळीतली ती दुपार आठवते. माझ्या नवऱ्याचं तेरावं होऊन दोनच दिवस झाले होते. शेजारीण किरकिरणारं बाळ घेऊन माझ्याकडून दृष्ट काढून घ्यायला आली, तर तिच्या सासूने दारातच अडवलं, “हिच्याकडून नको आता, सवाष्ण बघ.” अख्ख्या चाळीतल्या पोरांची दृष्ट मीच काढायचे. मी म्हटलं, “काकी, नवरा गेलाय, हात नाही गेला माझा.” बाळावरून मीठ-मिरच्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. दृष्ट असली तर ठसका लागत नाही म्हणतात. त्या दिवशी सगळेच खोकले. “दृष्टबिष्ट नाही, डॉक्टरकडे न्या,” मी म्हटलं, आणि त्या धुरात मीही पहिल्यांदा रडून घेतलं. त्याच काकी आता धाकट्या नातीला घेऊन येतात. मी दर वेळी आधी विचारते, “काकी, हा हात चालेल ना?”