रंगचाचणीची पाने

मी पान उलटण्याआधीच समोर बसलेले बाळाराम काका म्हणाले, “एकोणतीस.”

पुस्तक अजून आधीच्याच पानावर उघडे होते आणि त्या पानावर सहाचा आकडा होता. मी वर पाहिले. काकांनी घाईने दुरुस्ती केली, “नाय, नाय. सहा हाय. सहा.”

साजगावच्या रस्त्यावरील एका खाजगी दवाखान्यात मेडिकल असिस्टंट म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. आसपासच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारांची वार्षिक तपासणी तेथे होत असे. पहिले काही दिवस मी वजन आणि रक्तदाब यांच्या टेबलावर होते. डोळे तपासण्याचे टेबल माझ्याकडे आले ते त्याच सकाळी.

रंगचाचणी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. या चाचणीसाठी एक लहान जाड पुस्तक असते. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचे एक वर्तुळ असते. त्यातील काही ठिपके वेगळ्या रंगाचे असतात आणि त्यांचा मिळून एक आकडा तयार होतो. ज्याला लाल आणि हिरवा यांतील फरक दिसतो, त्याला आकडा दिसतो. ज्याला तो दिसत नाही, त्याला बहुतेक पानांवर नुसते ठिपके दिसतात. हा दोष बहुधा जन्मापासून असतो. त्यावर चष्मा किंवा औषध नाही आणि पुष्कळांना तो आपल्यात आहे हेच ठाऊक नसते.

मी मूळची डी.एड. झालेली. शिक्षकभरतीची वाट पाहण्यात काही वर्षे गेली. शेवटी कर्जतला मेडिकल असिस्टंटचा कोर्स केला. मेडिकल असिस्टंट डॉक्टर नसते आणि नर्सही नसते. डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहण्यापूर्वी ज्या नोंदी लागतात, त्या घेणे हे तिचे काम. उंची, वजन, नाडी, रक्तदाब, दृष्टी. आमच्या शिक्षिका सांगत, “नोंद चुकली, तर पुढचे सगळे उपचार चुकीच्या पायावर उभे राहतात.” रंगचाचणीबद्दल त्यांनी एक सूचना दिली होती. पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने दाखवू नये. मधूनच कोणतेही पान उघडावे. टेबलावरच्या पहिल्या सकाळच्या घाईत मी तीच विसरले होते.

त्या सूचनेचे कारण मला त्या क्षणी कळले. दाराबाहेरच्या रांगेत एक माणूस मागच्यांना हळू आवाजात आकडे सांगत होता आणि ते पाढ्यांसारखे घोकत होते. दरवर्षी पुस्तक तेच, पानांचा क्रम तोच. डी.एड.ला असताना मी अशा पाठांतरावर निबंध लिहिला होता.

मी पुस्तक मध्यावर उघडले. “काका, आता इथे काय दिसतं?”

बाळाराम काका पळसदरीचे. आमच्या वस्तीतले, वडिलांचे मित्र. मला पाहून ते आत येतानाच म्हणाले होते, “प्रज्ञा, तू हाय व्हय हितं? बरं झालं. मला वाटलं नेहमीचा तो वसकन ओरडणारा आसंल.” आता मात्र ते पुस्तकाजवळ वाकले, मग मागे झाले.

“पुस्तक सरळ धर ना गं.”

“सरळच आहे काका. पान दुसरं आहे.”

“ठिपकंच हायेत गं नुसते.”

मी आणखी काही पाने दाखवली. आकडा एकावरही सांगता आला नाही. काका एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवत. म्हणजे रसायनाची पिंपे उचलून गोदामात योग्य जागी लावणारी गाडी. लाल पट्ट्याचे पिंप एका बाजूला आणि हिरव्या पट्ट्याचे दुसऱ्या बाजूला ठेवायचे. ती दोन रसायने जवळ ठेवणे धोक्याचे असते.

“मग पिंपं ओळखता कशी?” मी विचारले.

“झाकन बघतो. लालाचं फुगीर, हिरव्याचं चपटं. कदी चुकलो नाय.”

“आणि झाकणं बदलली तर?”

“कशाला बदलतील?” मग ते आवाज उतरवून म्हणाले, “तू लिव ना बराबर हाय म्हनून. तुला काय कोन विचारनार?”

“काका, हे लपवलं तर एखाद्या दिवशी तुमच्याच जिवावर बेतेल. आणि काम जात नाही हो. दुसरं काम देतात.”

हे मी मनाचे सांगितले नव्हते. आमच्या क्रमिक पुस्तकात स्पष्ट वाक्य होते: रंगदृष्टीत दोष आढळल्यास कामगारास पर्यायी काम द्यावे. परीक्षेत मी ते जसेच्या तसे लिहिले होते. काका म्हणाले, “तू म्हनतेस तर आसंल.” मी संगणकावर नोंद केली. ती नोंद त्याच वेळी कारखान्याच्या सुरक्षा विभागाकडेही जात असे.

काका बाहेर गेल्यावर रांगेत कुजबुज झाली. पुढचे काही जण आले, वेगळ्या क्रमानेही आकडे नीट सांगून गेले. मग बराच वेळ कोणी आले नाही. मी बाहेर डोकावले. शिपाई म्हणाला, “चहाला जातो म्हनून गेले सगळे.” चहाला गेलेले परतले नाहीत.

दुपारी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावले. कंत्राटदाराचा फोन येऊन गेला होता.

“मॅडम, पुस्तक कुठून उघडायचं असतं?”

“कुठूनही, सर. क्रमाने दाखवलं तर लोक पाठ करून येतात.”

“मला माहीत आहे ते पाठ करून येतात. तुमच्या आधीपासून मी इथे बसतोय.”

“सर, त्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही. ते रसायनाची पिंपं हलवतात.”

“किती वर्षं हलवतोय तो?”

“बरीच वर्षं.”

“मग?”

या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रमात नव्हते. मी म्हणाले, “सर, नोंद चुकीची आहे का? तुम्ही स्वतः तपासून पाहा.”

“नोंद बरोबर आहे. म्हणून तर ती बदलता येत नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुमचा कोर्स झाला ना? पास झालात ना? मग आता शाळा संपली. इथे माणसं कामावर जायला येतात, घरी जायला नाही.”

डॉक्टर वाईट गृहस्थ नव्हते. गरीब रुग्णांशी ते प्रेमाने बोलत. त्या दिवशी ते संतापलेही नव्हते, कंटाळलेले दिसत होते. मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

काकांना पर्यायी काम मिळाले नाही. कारखान्याने कंत्राटदाराला कळवले की हा माणूस फोर्कलिफ्टवर चालणार नाही. काका कारखान्याचे नोकर नव्हतेच, ते कंत्राटदाराचे. कंत्राटदाराकडे दुसरे काम नव्हते, किंवा ते काकांसाठी नव्हते. त्यांना काढले असे कोणी म्हटले नाही. गेटपास पुढे वाढवला नाही, एवढेच. मी सुरक्षा विभागाला फोन केला. पर्यायी कामाचा नियम कायम कामगारांसाठी आहे, असे तेथील साहेबांनी सौजन्याने सांगितले आणि चाचणी काळजीपूर्वक घेतल्याबद्दल माझे अभिनंदनही केले.

कंत्राटदाराने आपली उरलेली माणसे मोहोपाड्याच्या एका दवाखान्यात नेली. योगायोगाने तेथे माझ्याच कोर्सची मैत्रीण होती. मी तिला विचारले.

“आमच्याकडे पहिल्या पानापासून दाखवायचं असतं,” ती म्हणाली. “सगळे पास झाले. तू उगाच ओढवून घेतलंस गं.”

म्हणजे चहाला गेलेले सगळे पुन्हा कामावर होते. त्यांतील किती जण झाकणे पाहून पिंपे ओळखतात, हे कोणालाही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एकट्या बाळाराम काकांचे.

महिनाअखेरीस डॉक्टरांनी मला यापुढे येऊ नका असे सांगितले. अनुभवाचा दाखला मात्र चांगला दिला. त्यात ‘कामात अत्यंत अचूक’ असे शब्द आहेत. आता मी कर्जतच्या एका रुग्णालयात आहे. काका पळसदरीच्या धरणाजवळ एका बंगल्याची राखण करतात. शनिवार-रविवारी पाहुणे आले की फाटक उघडतात आणि त्यांच्या गाड्या लावून देतात.

पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर काकांची बायको माझ्या आईजवळ आली. आवाज न चढवता म्हणाली, “वहिनी, पोरीला शिकवलीत ते चांगलंच केलंत. पर रांगेत येवढी मान्सं व्हती. आमचंच पान तिनं का उलटलं?”

आईने माझ्याकडे पाहिले. मी चपला शोधू लागले. काका दाराशी उभे होते. “चल गं, उशीर व्हतोय,” एवढेच ते बायकोला म्हणाले. माझ्याशी ते आजही बोलतात, पण आता मला ‘मॅडम’ म्हणतात.

कोर्सच्या नव्या मुली कधी कधी सल्ला विचारतात. मी त्यांना सांगते की चाचणी शिकवली तशीच घ्या, पाने क्रमाने दाखवू नका. मात्र रुजू होण्याआधी साहेबांना एक प्रश्न जरूर विचारा: जो नापास होईल, त्याचे पुढे काय करणार? दोन मुलींनी मुलाखतीत हा प्रश्न विचारला. दोघींनाही ती नोकरी मिळाली नाही.