मुशीतला हंगेरियन सिंह

हंगेरीतली एक कंपनी माझ्या सासऱ्यांच्या कारखान्यात पैसे घालणार होती, आणि त्यांचा माणूस यायच्या दिवशी सकाळी मी त्यांचा सिंह वितळवला.

सिंह म्हणजे सिंहाच्या तोंडाची, दाराची पितळी मूठ. ही कंपनी तिकडच्या जुन्या इमारतींना मुठी, कड्या पुरवते. तिकडे ओतकाम करणारे हात उरले नाहीत, आणि इकडे आमच्या कुंभकोणमला हातच हात! नमुना म्हणून त्यांनी ही मूठ आधीच पाठवली होती, मी ती अजून पाहिली नव्हती. तशी आम्हाला जमेल असं दिसलं, तर ते कारखान्यात भागीदारी घेणार. नाही दिसलं, तर मामंजी, म्हणजे माझे सासरे, कारखान्याला कुलूप लावून तिरुविडैमरुदूरला भावाच्या भातशेतीवर जाणार. (मी कुठे जाणार, हे कुणी बोलत नव्हतं. मला झोप नव्हती.)

मी विट्याकडचा. आठवीतून शाळा सुटली आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, म्हणजे गलाईत, इकडे आलो. तंजावरी मराठी बोलणाऱ्या या घरानं मला आधी जेवू घातलं, मग मुलगी दिली. हे उपकार फेडायची संधी मी सारखी शोधत असतो. घरचे त्यालाच घाबरतात.

गलाईच्या दुकानात मेजावर शोभेसाठी कुणी काही ठेवत नाही. ठेवलं की ते मुशीत जायचं, ही माझ्या हाताला लागलेली सवय. त्या सकाळी मामंजी पाहुण्याला आणायला तिरुचीच्या विमानतळावर गेले, आणि मेजावर फडक्यात एक पितळी डोकं दिसलं. एक कान तुटका, नाक झिजलेलं. म्हटलं, पाहुणा यायच्या आत भंगार तरी आवरू!

थोड्या वेळानं माझी बायको रुक्मिणी कॉफी घेऊन आली.

"फडक्यांतला सिंह कुठें?"

मी भट्टीकडे बघितलं. तिनंही बघितलं.

"अय्यो! तुम्हांस सिंह दिसला नाहीं कां?"

"मला वाटलं मांजर आहे!"

"मांजर असलं म्हणून वितळवायचं कां?"

त्या मुठीनं दोन महायुद्धं काढली होती. माझ्यासमोर ती अर्धा तास टिकली.

आम्ही सेल्वमला हाक मारली. आमचा जुना कारागीर, जन्मभर समईवरचे हंस करत आलेला. त्यानं नवा सिंह घडवायला मेण घेतलं आणि तमिळमध्ये विचारलं, "सिंह दिसायला कसा होता?"

"मांजरासारखा," मी म्हणालो.

तो कामाला लागला. बघतो तर मान हंसाची, डोळे देवळाच्या खांबांवर कोरलेल्या याळी या अक्राळविक्राळ प्राण्यासारखे वटारलेले, आणि पुढे सोंड!

"अरे, सिंहाला सोंड कशाला?"

"मग दार ओढणार कशानं?"

तेवढ्यात गाडी आली. आमचं नशीब, मामंजींनी उतरता उतरता घड्याळ बघितलं. "राहुकाळ आहे. तो संपेपर्यंत कामाचं कांहीं बघायचं नाहीं. आधीं कॉफी!" राहूचे एवढे आभार कुणीच मानले नसतील.

पाहुण्याचं नाव लास्लो. उंच, शांत माणूस. मामंजी पेला ओठांना न लावता वरून कॉफी पितात, ते त्यानं नीट पाहिलं आणि तसंच केलं. सगळी कॉफी शर्टावर! मी धावलो, हाताला लागलं ते फडकं दिलं. त्यानं शर्ट पुसला, मग फडकं उलगडून बघितलं. त्यावर त्याच्याच कंपनीचा शिक्का होता.

"व्हेअर इज द लायन?"

"मापिळ्ळे," मामंजी मला कौतुकानं म्हणाले (इकडे जावयाला असंच म्हणतात), "आणा तो."

मी एका हातात पितळेची गार झालेली लादी आणली, दुसऱ्या हातात सोंडवाला सिंह. मग मराठीत पुष्कळ बोललो. घराचे उपकार, माझं शिक्षण, गलाई, सगळं. रुक्मिणीनं त्याचं इंग्रजी चार शब्दांत केलं.

"एवढंच?" मी तिला विचारलं.

"उरलेलं तुम्हींच सांगा!"

मामंजी खाली बसले. लास्लोनं लादी उलटसुलट केली. मग मेणाची सोंड धरून हवेतलं एक दार उघडून बघितलं. हसला नाही. बॅग उघडली आणि आणखी एक सिंह काढला. दाराला दोन फळ्या, म्हणून मुठीही दोन! पडताळून बघायला त्यानं दुसरी सोबत आणली होती. ती त्यानं सहज मेजावर ठेवली.

"तिथें नको!" मामंजी, रुक्मिणी आणि सेल्वम एकदम ओरडले. रुक्मिणीनं मूठ उचलून पदराखाली घेतली.

त्या मुठीवरून सेल्वमनं संध्याकाळपर्यंत मेणाचा असा सिंह केला, की लास्लोनं दोन्ही शेजारी धरून मामंजींशी हात मिळवला. पुढे करार झाला. त्यात एक कलम खास घातलंय: कंपनीचा कोणताही नमुना मालकाच्या जावयाच्या हाती देऊ नये.

मी गावाकडे आईला फोन लावला. "आई, परदेशी करारात माझ्यासाठी वेगळं कलम आहे!"

"शिकला नाहीस, तरी नाव काढलंस रं बाबा! काय लिवलंय त्यात?"

"ते इंग्रजीत आहे, आई," मी म्हणालो. आठवीत शाळा सोडल्याचा एवढा उपयोग मला आधी कधीच झाला नव्हता.