तिसऱ्या खोलीचं तापमान

बुऱ्हाणपुरात येऊन वर्ष होत आलं, तरी कुणाशी बोलायच्या आधी मी वाक्य मनात जुळवून घ्यायचो. माझं कोकणातलं बोलणं इथं लोकांना नाटकातलं वाटायचं, आणि त्यांचं अर्धं हिंदी मला उमजायचं नाही. नववीत शाळा सुटलेली. तरी केळी पिकवायच्या कारखान्यात शेठनी मला तापमानाच्या मशीनसमोर बसवलं. त्यांच्या आईनं मागची खोली राहायला दिली. तिला सगळे माय म्हणत. उपकार मोठे, म्हणून धास्तीही मोठी.

मशीन म्हणजे भिंतीवरची पेटी. प्रत्येक खोलीत केळ्यांच्या घडात खुपसलेल्या थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजायच्या, तारा पेटीत येऊन स्क्रूखाली कसलेल्या, आणि आकडे कॉम्प्युटरवर. दसरा झाला आणि तिसऱ्या खोलीचा आकडा उड्या मारायला लागला. सतरा, लगेच चोवीस, मग नऊ. आकडा चढला की गार हवा आपोआप सुरू व्हायची. आत शहापूरचा माल होता. जास्त गारठला तर साल काळपट पडते.

"दुपारपर्यंत बघ," शेठ म्हणाले. "नहीं तो मशीनवर दुसरा माणूस बसवतो."

मी हो म्हणालो. त्या खोलीची हवा मी हातानं चालू-बंद करायला ठेवली, घडात साधा काचेचा थर्मामीटर खोचला आणि इंदूरच्या इंजिनिअरला फोन लावला.

त्यांनी सांगितलं, तार काढून स्क्रूंमध्ये तारेचा छोटा तुकडा जोड. जोडला. आकडा स्थिर, पेटीजवळच्या हवेइतका. "म्हणजे पेटीतलं कार्ड ठीक आहे. थर्मोकपल बदल." बदलला. थोडा वेळ बरं, मग पुन्हा उड्या. "आता तीच तार पेटीतल्या रिकाम्या स्क्रूंना लाव." तिथं सतरा. सतराच राहिला.

म्हणजे दोष जुन्या स्क्रूंपाशीच; तुकडा जोडल्यावर तो लपला होता. टॉर्च मारली. स्क्रूभोवती हळदकुंकवाचा लगदा, दमट हवेत भिजलेला, आणि त्याखाली हिरवा गंज.

दसऱ्याला मशीनची पूजा मायनं केली होती. मी तेव्हा हार आणायला गेलो होतो.

तिसऱ्या खोलीची तार नव्या जागीच ठेवली, स्पिरिटनं जुने स्क्रू पुसले आणि मायच्या दारात जाऊन उभा राहिलो. वाक्य जुळत नव्हतं. शेवटी जसं होतं तसं सांगितलं.

"मी झाकण उघडूनच लावला," ती म्हणाली. "टिळा कपाळाला लावतात, टोपीला लावतात का?" मग थांबून, "तवा मला कोणीच कसं बोललं नाही? सगळ्यांच्या तोंडात केळं होतं का रे भाऊ?"

दुपारी घरी आल्यावर शेठनी विचारलं, काय निघालं? मी मनात वाक्य जुळवू लागलो.

"माझा टिळा निघाला," माय आतूनच म्हणाली. "त्याला नको बोलू. मशीन त्याच्याचकडे राहू दे."

शेठ हसत गेले. मायनं माझ्यासमोर दराब्याची, इथल्या रवा-तुपाच्या मिठाईची, वाटी ठेवली. मी चमचा तोंडात घातला. धास्ती अजून उतरली नव्हती, चव लागली नाही.

"चांगला झालाय, माय," मी म्हणालो आणि सगळा खाल्ला.