बाकीचे खेळ ऑप्शनला

उल्हास बेहेरे हा माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच बोलणार आहे आणि त्याची बायको नीना माझी मैत्रीण आहे.

तो मूळचा पुण्याचा. एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि लंडनच्या ईलिंगमध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. आयुष्यात त्याने एकच खेळ खेळला, हॉस्टेलवरचा कॅरम, आणि त्यातही तो बहुतेक वेळा गुण मांडायला बसायचा. बॅडमिंटनची रॅकेट त्याने पहिल्यांदा हातात धरली ती मुलीसाठी विकत घेताना. पण बॅडमिंटनवर बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ गुडघ्यामुळे मागे पडला, नाहीतर कुठच्या कुठे पोचला असता.

मुलगी ईशानी, आता दहा वर्षांची. पाच वर्षांची असताना इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिने कुणीतरी मारलेलं शटल सहज परतवलं आणि उल्हासला साक्षात्कार झाला. तोवर ती पोहायला जायची, जिम्नॅस्टिक्सला जायची, सायकल शिकत होती. सगळं बंद. पोहण्याने खांदे जड होतात, नेटबॉलमध्ये घोटा मुरगळतो आणि सायकलवरून पोरं पडतात. परीक्षेच्या वेळी आपण अवघड धडे ऑप्शनला टाकायचो आणि उरलेले घोकायचो ना, तसे उल्हासने जगातले बाकीचे सगळे खेळ ऑप्शनला टाकले.

“फोकस, मालविकाताई,” तो मला म्हणाला. “इथले पेरेंट्स मुलांना सगळं थोडं थोडं करू देतात. मग मुलं ॲव्हरेज राहतात.”

समोरच्या इंग्लिश शेजाऱ्यांचा मुलगा तेव्हा त्यांच्या झाडाच्या फांदीला उलटा लटकून केळं खात होता. मला तो अजिबात ॲव्हरेज वाटला नाही.

पूर्वी पाहुणे आले की मुलांना गाणं म्हणून दाखवायला लावायचे. बेहेऱ्यांकडे बॅकहँड दाखवायला लावतात. “ईशू, मावशीला दाखव,” असं उल्हासने म्हटलं की ती पोर ताटावरून उठते आणि सोफा आणि टीव्हीच्या मधल्या जागेत उभी राहून रिकाम्या हाताने बॅकहँड मारते. आम्ही ‘वा, वा’ म्हणतो. कशाला म्हणतो देव जाणे, शटल तर नसतंच. वाढदिवसाच्या पार्टीत मुलं उड्या मारायला लागली की ईशानी भिंतीशी उभी राहून सगळ्यांचे कोट सांभाळते. पाय मुरगळला तर?

पण पाय दुखावला तो पार्टीत नाही, कोर्टवरच. यंदा सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर नीनाच्या लक्षात आलं की ईशानी जिना उतरताना उजवी टाच टेकवत नाही. फिजिओने पाय दाबून पाहिला आणि सरळ सांगितलं की वाढत्या वयात त्याच त्या उड्या मारून टाचेवर ताण आलाय, ख्रिसमसपर्यंत बॅडमिंटन बंद. पोहू दे, वाटेल ते दुसरं करू दे, पण हे नको. नाहीतर दुखणं लांबेल.

उल्हासने मान डोलावली आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, “सेकंड ओपिनियन घेऊ.” ते त्याने स्वतःचंच घेतलं. ऑक्टोबरमध्ये काउंटीच्या मुलींच्या संघाची निवड होती, आणि हा चान्स गेला तर पोरीची पाच वर्षं पाण्यात गेली, असं त्याचं गणित. बुटात घालायला जेलचे मऊ तुकडे आणले, प्रॅक्टिस चालू ठेवली. नीना भांडली, रडली, दोन दिवस बोलली नाही. त्याने तेही ऑप्शनला टाकलं. ईशानीला दुखतंय का विचारलं की ती “इट्स फाइन” म्हणायची आणि जिन्याचा कठडा धरायची.

निवड नेमकी दसऱ्याला आली. उल्हास हरखून गेला. “साडेतीन मुहूर्तांतला एक!” म्हणून त्याने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं.

बेहेऱ्यांकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात आणि उल्हास शस्त्रं म्हणून स्वतःचा लॅपटॉप आणि ईशानीची रॅकेट पूजेत ठेवतो. लॅपटॉप बंद पडलेला आणि रॅकेट तार तुटलेली, कारण पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नसतो आणि याचं काम अडायला नको. देवालासुद्धा स्क्रॅप. लहानपणी आपण गणिताचं पुस्तक मुद्दाम पूजेत कसं ठेवायचो आणि अभ्यास कसा चुकवायचो, हे त्याने मागच्या दसऱ्याला आम्हाला रंगवून सांगितलं होतं. आम्ही हसलो होतो. ईशानी नुसती ऐकत होती.

दसऱ्याच्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी त्यांच्याकडे सोनं द्यायला गेले. सोनं म्हणजे माझ्याच बागेतली पानं, इथे आपटा कुठला. दार नीनाने उघडलं. आत उल्हास ट्रॅकसूट घालून पूजेसमोर उभा होता. पाटीवरची सरस्वती जेमतेम दिसत होती, कारण तिच्यासमोर ईशानीच्या तिन्ही चांगल्या रॅकेटी, बुटांचे दोन्ही जोड, शटलचा डबा, ते जेलचे तुकडे आणि गाडीची किल्ली मांडलेली होती. सगळ्याला हळद-कुंकू, सगळ्यावर साउथॉलच्या देशी बाजारातून आणलेला झेंडू. ईशानी परकर-पोलकं घालून, अनवाणी, हात जोडून शेजारी बसली होती.

“ईशू, अगं आज ट्रायल आहे,” उल्हास म्हणाला.

“टच नाही करायची, बाबा. तूच सांगितला होता.”

“हो, पण... ते पुस्तकांचं होतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “मालविकाताई, अक्षता वाहून काढता येतं ना लगेच?”

“संध्याकाळपर्यंत नाही,” मी ठणकावून सांगितलं. शास्त्र मला काडीचं ठाऊक नाही.

त्याने रॅकेटकडे हात नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे. पूजा मोडून गेलो आणि निवड हुकली तर, हा प्रश्न त्याच्या कपाळावर लिहिलेला दिसत होता. पोरीच्या टाचेला जो माणूस महिनाभर घाबरला नाही, तो झेंडूच्या फुलाला घाबरला. मला हसू आलं, आणि लगेच इतका संताप आला की हातातली पानं चुरगळली.

शेवटी तो खिडकीशी गेला आणि त्याने कोचला फोन लावला. फॅमिली इमर्जन्सी आहे म्हणाला. नीना डोळे पुसत श्रीखंड वाढायला गेली. मी ईशानीशेजारी खाली बसले. तिने पाय लांब केले, उजवी टाच दोन्ही हातांत धरली आणि सावकाश चोळायला लागली. आम्हा कुणासमोर तिने असं कधी केलं नव्हतं.

खिडकीशी उल्हासचा आवाज एकदम चढला. “रियली? अनदर ट्रायल? डिसेंबरमध्ये?” त्याने फोनवर हात ठेवला आणि वळून आम्हाला आनंदाने सांगितलं, “चान्स गेला नाही, ईशू! डिसेंबरमध्ये परत आहे!”

ईशानीने मान हलवली. मग ती माझ्याकडे सरकली आणि हळूच विचारलं, “मावशी, डिसेंबरमध्ये आपला कुठला सण असते?”

तिचा प्रश्न उल्हासलाही ऐकू गेला असावा, कारण कोचला ‘डिसेंबर इज फाइन’ म्हणता म्हणता तो मध्येच थांबला.