आक्कांचा रांजण आणि झाकलेल्या मुठी

आमच्या होस्टेलचे जुने मेंबर आता भेटतात ते लग्नकार्यात. पंगत उठते, पानाचं तबक फिरतं आणि कोणीतरी म्हणतो, "ए, रांजणाचं सांग ना!" मग घरची मंडळी गाडीची वेळ झाली म्हणून हाका मारत बसतात. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला दोन आठवतात. माझ्याकडं साठलेले थोडे सांगतो. तिखटमीठ लागलं असेल, पण भाकरी खरी आहे!

गोष्ट सांगलीची, लढाईच्या दिवसांतली. धान्य रेशनवर, रॉकेल रेशनवर, कापड तर बघायलाही मिळेना. होस्टेलात आम्ही तेरा जण आणि मेस चालवणाऱ्या आक्का. कोणाची फी अडायची, कोणाकडं साबण नसायचा, कोणाला औषध लागायचं. त्यासाठी आक्कांनी कोठीच्या अंधाऱ्या खोलीत एक रांजण ठेवला होता. दर शनिवारी सकाळी प्रत्येकानं एकट्यानं आत जायचं, दार लोटायचं आणि रांजणात हात घालायचा. असेल त्यानं टाकायचं, नड असेल त्यानं घ्यायचं. जाताना मूठ झाकलेली, येतानाही झाकलेली. आत डोकवायचं नाही, मोजायचं नाही, विचारायचं नाही.

मी साताऱ्याच्या पेन्शनर सुभेदाराचा मुलगा. पहिल्या शनिवारी मला काही नको होतं आणि टाकायलाही काही नव्हतं. आत गेलो, जरा वेळ उभा राहिलो, बाहेर आलो. आक्कांनी माझ्या हाताकडं बघितलं.

"रिकामी हाय व्हय रं मूठ?"

मी मान हलवली.

"मग घट्ट आवळ की! तुजी सैल दिसली की शेजारच्याची भरलेली वळखू येती."

घरी परेडची शिस्त बघत वाढलो, पण एवढी बारीक शिस्त मी त्या कोठीच्या दारात शिकलो.

*

एके वर्षी नवे प्रोफेसर रेक्टर म्हणून आले. रांजण बघून त्यांना घामच फुटला. "याला कुलूप पाहिजे! रजिस्टर पाहिजे! उद्या कोणी सगळंच उचललं तर?"

आक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सर, जो समदं उचलंल, त्याला समद्याचीच नड असंल की!"

सरांनी रजिस्टर आणलंच. शनिवारी आक्कांनी त्यांनाही रांगेत उभं केलं. सर रजिस्टर घेऊन आत गेले आणि बाहेर आले ते मूठ घट्ट झाकून. रजिस्टर मात्र बाहेर आलं नाही. पुढं महिनाभर आम्हाला रांजणात कोरे कागद सापडत होते!

*

आता बबन. आष्ट्याचा, घरचा ऊस, मनानं दिलदार आणि डोक्यानं उतावळा. घरून ताजा गूळ आला तसा या पठ्ठ्यानं शेरभराचा खडा उघडाच रांजणात सोडला! कोठीत ओल. गूळ पाघळला. पुढच्या शनिवारी ज्यानं काही घेतलं त्याच्या बोटांना तार सुटायला लागली.

बबन रडकुंडीला आला. "आवं आक्का, धुऊन टाकू की रांजण!"

"धुवायचं म्हंजी आत बगायचं. ते न्हाई जमायचं."

आक्कांनी गुळाचा डबा काढला आणि तेराही जणांच्या तळहाताला गूळ चोपडला. त्या दिवशी कॉलेजात आमच्या एकाचीही वही हाताला सोडेना. तरी बातमी फुटलीच. चिकट पैसा म्हणजे रांजणातला, हे साऱ्या कॉलेजला ठाऊक झालं आणि टवाळ पोरांना आयतंच कोलीत मिळालं.

*

आमच्यात शिदू म्हणून एक होता, म्हसवडचा. घरी मेंढरं. वाचतानाही एका हातानं चाती फिरवून लोकर कातायचा. रांजणात दर आठवड्याला लोकरीच्या सुताचा एक गुंडा असायचा. माझी फाटकी कांबळ मी त्याच सुतानं शिवली. तो गुंडा कोणाचा हे कोणी विचारलं नाही.

शिदूनं कधी कोणाकडून पेन्सिलही मागून घेतली नाही. त्या वर्षी माणदेशात चारा नव्हता. वडील कळप घेऊन कुठं उतरलेत हेच कळेना, मग मनिऑर्डर कुठली! परीक्षेचा फॉर्म शनिवारी दुपारी बारापर्यंत भरायचा होता. नाही भरला तर वर्ष गेलं.

"जातो गड्या मेंढरांमागं," तो मला म्हणाला. "तितं फारम लागत न्हाई."

आमचे सगळ्यांचे फॉर्म आधीच भरून झाले होते. शनिवारी मी वडिलांनी कोटासाठी पाठवलेले पैसे रांजणात सोडले. बाकीच्यांनी काय टाकलं ते विचारायची सोय नव्हती. शिदू सगळ्यांत शेवटी आत गेला. बराच वेळ दार उघडेना. बबननं माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. शेवटी शिदू बाहेर आला, मूठ झाकलेली, आणि कोणाकडं न बघता थेट ऑफिसच्या वाटेला लागला. आम्ही मागोमाग निघालो. बबन तेवढा आधी स्वयंपाकघरात जाऊन आला.

तेरा जणांत नडलेले किती आणि देणारे किती, मला आजही सांगता येणार नाही. त्याचा जेवढा अभिमान वाटतो तेवढा मला माझ्या डिग्रीचाही वाटत नाही.

ऑफिसात तोबा गर्दी होती. शिदूनं खिडकीत फॉर्म ठेवला आणि मूठ उघडली. हेडक्लार्कनं पैसे उचलायला बोटं लावली आणि ती तिथंच चिकटली.

"हे काय? चिकट कसे हे पैसे?"

टवाळ पोरं खुसखुसायला लागली. शिदूची मान खाली गेली. फॉर्म परत घ्यायला त्यानं हात पुढं केला.

एवढ्यात बबन पुढं घुसला आणि आपली मूठ त्यानं खिडकीत उघडली. त्याचं नाणं तळहाताला चिकटून लोंबत होतं! मग मी उघडली; बबननं वाटेत आम्हा सगळ्यांच्याच नाण्यांना आक्कांच्या डब्यातला गूळ फासला होता. मग एकेक करून सगळ्यांनी.

हेडक्लार्क चष्मा वर करून आमच्याकडं बघत राहिला. "अरे, तुम्हा बारा जणांची फी तर सोमवारीच भरून झाली!"

"व्हय रावसाहेब," बबन म्हणाला. "आमी निस्तं दावायला आणल्यात."